पाच मिनिटांनंतरची रेघ

८ फेब्रुवारी, शनिवार

एकच रेघ.

सकाळी सहाला मोनानं गर्भचाचणीच्या पट्टीवर तीन थेंब टाकले. मी मोबाइलवर पाच मिनिटं लावून न्हाणीघराच्या दारात उभा. ‘सी’पुढं लाल रेघ ठसठशीत. ‘टी’पुढं, जिथं दुसरी यायला हवी, पांढरं स्वच्छ. खिडकीपाशी नेऊन बघितलं, तिरकी करून बघितलं. काही नाही. मोना म्हणाली, "टाका ती." आणि चहा ठेवायला गेली.

चार दिवस वर गेलेत यावेळी. तिची तारीख एरवी इकडची तिकडं होत नाही. म्हणून तर आशा लागली होती. लग्नाला सहा वर्षं झाली.

मी पट्टी टाकली नाही. पाकिटात घातली, वर तारीख-वेळ लिहिली आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. सवय! हुपरीचे कारागीर चांदीचा तुकडा आणतात, मी टंच काढतो, म्हणजे शंभरात खरी चांदी किती ते चिठ्ठीवर लिहून देतो. तपासलेला नमुना मात्र फेकायचा नाही. उद्या कोणी भांडायला आलं तर? माझे वडील, आप्पा, सांगायचे, "माणूस फिरंल, चिठ्ठी फाटंल, नमुना फिरत न्हाय." आप्पा गेले, पाकिटं राहिली.

पट्टी आणण्याची तऱ्हा वेगळीच. गल्लीच्या तोंडाला कृष्णातचं मेडिकल आहे, पण तो माझा शाळेतला दोस्त. त्याच्याकडून घ्यायची म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच. म्हणून गाडी मारली थेट हातकणंगल्याला. तिथला दुकानदार भर गिऱ्हाइकांत ओरडतो, "पावणं, एक देऊ का दोन?" दोन घेतल्या आणि पळालो.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार

रेघ आहे!!!

एका गिऱ्हाइकाचं जुनं पाकीट शोधताना पट्टीचं पाकीट हाताला लागलं. सहज पट्टी काढली. ‘टी’पुढं रेघ! फिकी, राखाडी, पण आहे. भिंग लावून बघितलं. आहे! काल दिसली नाही कारण कालचा उजेड कमी होता. हे डोळे दिवसाला पन्नास तुकडे बघतात. मला नाही कळणार तर कुणाला?

दुकान उघडंच टाकून घरी पळालो. मोना शेजारच्या बारशाला गेलेली. आई दारात तांदूळ निवडत होती. मला राहवलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आई स्वतःच सांगते. "आई, रेघ आली! मोनाला दिवस गेलेत!" आईनं सूप तिथंच टाकलं आणि उठली. म्हटलं देवापुढं दिवा लावायला गेली असेल. ती गेली बारशाला.

आता मोनाची वाट बघतोय. काय म्हणेल! तीनदा दारापर्यंत जाऊन आलो.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

फार वाईट झालं.

आई भर बारशात ओरडली, "आमच्या मोनीला बी हाय आता!" मग काय, बायका उठल्या, तिथल्या तिथं मोनाची ओटी भरली. पाळण्यातलं पोर उचलून तिच्या मांडीवर दिलं. आणि तिला काहीच ठाऊक नाही! पदरात नारळ, तांदूळ, खण घेऊन घरी आली ती पांढरीफटक.

"माझ्या पोटातलं सगळ्या गल्लीला म्हाईत, आन् मलाच न्हाय?"

मी पट्टी दाखवली. तिनं हातसुद्धा लावला नाही. किटच्या खोक्यातला कागद आणला, बारीक अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "वाचा. मोठ्यांदा." वाचलं. पाच मिनिटांनी बघावं. दहा मिनिटांनंतर जे दिसेल ते धरू नये.

"ही कवाची हाय?"

"कालची."

ती एवढंच म्हणाली, "पाकिटात ठिवली व्हय. चांदी हाय न्हवं मी."

उद्या सकाळी दुसरी पट्टी करायची आहे. ओटीचं सामान टेबलावर तसंच पडलंय. कोणी उचलायला तयार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

एकच रेघ. पाच मिनिटांनी एकच, दहा मिनिटांनी एकच. मग मोनानं माझ्या डोळ्यांदेखत ती कचऱ्यात टाकली.

आता लपवायचं काय राहिलंय! गेलो कृष्णातकडे, जुनी पट्टी काउंटरवर ठेवली. त्यानं अर्धी नजर टाकली. "ही वाळल्याली रेघ हाय रं. वलं असताना काय न्हाय, वाळलं की डाग उमटतो. रंग बघ की, लाल हाय का? तू टंचवाला न्हवं?"

राखाडी होती. मला दिसत होतं की ती राखाडी आहे! बघायचं होतं ते बघितलं.

"आन् लई लवकर केली तरी बी न्हाय दिसत. आठ दिस थांब. पाळी न्हाय आली तर परत कर, न्हायतर सरळ रक्त तपास. रक्तात आदी कळतं." मग म्हणाला, "हातकणंगल्याला कशाला गेलतास? मी काय मेलतो?"

हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोनाला सकाळी डाग दिसला. म्हणजे संपलं. बारा वाजता तिची पिशवी दारात.

"मी जातो कागलला. आईकडं."

म्हटलं, किती दिवस? तिनं रिक्षाला हात केला. रिक्षात बसताना म्हणाली ते मात्र लिहून ठेवतो, कारण दिवसभर तेच कानात आहे. "सा वर्षं झाली. पोटाचं फोटो माझं काढलं, रक्त माझं काढलं, गोळ्या मी खाल्ल्या, सोमवार मी धरलं. सगळ्या हुपरीच्या चांदीचा टंच काढतासा. तुमचा कवा काढनार?"

माझा? मला काय झालंय! रोज सकाळी शंभर बैठका काढतो. खानदानात कुणाला काही नव्हतं. काहीही बोलायचं म्हणजे!

१२ फेब्रुवारी

चहा मीच केला. आईनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अभिनंदनाला माणसं अजून येताहेत. प्रत्येकाला सांगायचं, नाही हो, गैरसमज झाला. काल एक आजी म्हणाल्या, "मग वटी भरल्याली?" मी पाणी आणायला आत पळालो.

आई दोन दिवस शेजारी गेलेली नाही. आज जेवताना आपणहून म्हणाली, "चुकलं माजं. पर तू बी काय वरडत आलास रं! मला वाटलं, आता कुनाला बी सांगावं. सा वर्षं बायका मलाच इच्यारत्यात." मग भाकरी तोडता तोडता, खाली मान घालून, "तिला इच्यारत असतील ते किती इच्यारत असतील."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. सहा वर्षांत एकदाही नाही. ती पापडाला गेली, हळदीकुंकवाला गेली, की परत येऊन डोकं दुखतंय म्हणून झोपायची. मी गोळी द्यायचो. डोकेदुखीची!

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकान बंद करून कृष्णातच्या काउंटरला उभा राहिलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांची नावं वाचली. मग विचारलं, पुरुषांची तपासणी कुठं करतात? एका पावण्याला पाहिजे.

कृष्णात हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "पावण्याला सांग, शहरात, राजारामपुरीत कर. त्यात काय न्हाय. म्या बी केलती, पोरगी व्हायच्या आदी." कृष्णात! तालमीतला गडी! "तीन-चार दिस बायकूपासनं लांब ऱ्हायला सांग त्याला."

बायको कागलला आहे. तेवढा एक नियम आपोआप पाळला गेलाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिला. नमुना दिला.

सकाळच्या एसटीनं गेलो, गाडी नेली नाही. गाडी ओळखतात लोक. राजारामपुरीत एकाच बोळात क्लासेस, दवाखाने, चष्म्याची दुकानं. जिना चढताना पंधरा-वीस पोरं वह्या घेऊन खाली उतरत होती, मला वाटलं प्रत्येकाला माहीत आहे हा इसम कशाला वर चाललाय. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता नाव, वय विचारलं आणि डबी पुढं सरकवली. डबीवर चिठ्ठी चिकटवलेली. माझं नाव, तारीख, वेळ.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या नमुन्यांवर नावं लिहिली. काउंटरच्या अलीकडे उभं राहणं काय असतं ते आज कळलं. एखादा कारागीर चिठ्ठी घेताना उगाच विनोद करायचा, मला राग यायचा, वेळ खातोय म्हणून. आज मीही त्या मुलीला एक विनोद सांगितला. ती हसली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ.

शुक्राणू मिलिलिटरला पंधरा दशलक्षांच्या वर पाहिजेत. माझे नऊ आले.

रिपोर्ट घेऊन त्याच बोळातल्या डॉक्टर सरोजिनीबाईंकडे गेलो. मोनाच्या सगळ्या तपासण्या त्यांच्याकडेच झाल्यात. त्या दर वेळी म्हणायच्या, "मिस्टरांना पाठवा." आणि मी दर वेळी बाहेर गाडी लावायला जागा शोधत असायचो. आज त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "कमी आहेत. नाहीत असं नाही, कमी आहेत. आणि एका रिपोर्टवर मी कधीच ठरवत नाही. ताप, जागरण, कशानंही फरक पडतो. परत करू. तुमच्या कामात उष्णता असते का?" मी म्हटलं, दिवसभर भट्टीपुढं असतो. त्यांनी लिहून घेतलं. "मग आधी ती भट्टी लांब करा. सोमवारी दोघंही या."

येताना एसटीत रडलो. खिडकीकडे तोंड करून. मला वाटायचं असं काही कळलं तर माझं नाक कापलं जाईल. तसलं काही झालं नाही. मोना सहा वर्षं एकटी त्या खुर्चीत बसत होती, ते सारखं डोळ्यापुढं येत राहिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कागल. मोना अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. मी सरळ कागद तिच्या हातात दिला. भाषण तयार केलं होतं, सगळं विसरलो.

तिनं नाव वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत नाव वाचलं.

"तुमी गेलतासा?"

"गेलतो."

"एकटं?"

"एसटीनं."

बराच वेळ शेंगाच फोडल्या. मला वाटलं आता बरसणार. बरसायलाच पाहिजे होती. ती म्हणाली, "आदी गेला असतासा तर माजं सोमवार तरी वाचलं असतं." आणि हसली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं माझं चुकलं मोना, फार चुकलं. म्हणाली, "ते हाय. जन्मभर काढनार हाय मी ते."

सासूबाईंनी चहा आणला. मोनानं कप बाजूला सारला. "पित्त झालंय. वास नगो वाटतो." मी तिचाही प्यायलो.

येताना पिशवी मीच उचलली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भट्टी मागच्या शेडमध्ये हलवली. आई म्हणाली, "आप्पांच्या येळंपास्नं हितं हाय ती!" मोना म्हणाली, "असू द्या की. डॉक्टरनी सांगितलंय." आई लगेच उठली. शेडमधली लाकडं स्वतः बाजूला केली.

मोनाचं पित्त अजून गेलं नाही. दुकानातल्या तेजाबाचा, टंचाच्या ॲसिडचा, वास आला की नाकाला पदर. दोन वर्षं त्याच वासात माझ्या चिठ्ठ्या लिहीत होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळं नीट लिहितो. एक शब्द गाळत नाही.

डॉक्टरबाईंनी माझी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता मोनाला विचारलं, "पाळी कधीची?"

"अकरा तारखंची."

"किती दिवस होती?"

"एकच. नुस्ता डाग दिसला वता. टेन्शननं आसंल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग उलट्या होतात का, चक्कर येते का, असं विचारलं. मोना म्हणाली, पित्त आहे. बाई म्हणाल्या, "जरा तपासून घेऊ. डबी घ्या."

दवाखान्यातलीच पट्टी. बाईंनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मिनिटही झालं नसेल, दोन रेघा. दोन! लाल. भिंग नको, खिडकी नको, तिरकी करायला नको. मोनानं माझा दंड धरला, नखं रुतली. आणि मी काय बोललो असेन? म्हणालो, "मॅडम, पाच मिनिटं व्हायच्या आधी वाचू नका!"

नर्स खुर्चीला धरून हसली. बाई पण हसल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पाच मिनिटं थांबू." थांबलो. दोन्ही रेघा तशाच.

मी विचारलं, मग ती माझी राखाडी रेघ? खरी होती? बाई म्हणाल्या, "नाही. ती वाळलेलीच. त्या वेळी पट्टीवर दिसायला फार लवकर होतं. यावेळी स्त्रीबीज उशिरा तयार झालं असणार, आणि तो डाग पाळीचा नव्हता." म्हणजे रेघ खोटी होती आणि बातमी खरी होती! आणि नऊ? "मी म्हटलं होतं ना, नाहीत असं नाही."

पण आनंद करायला त्यांनी बंदी केलीय. आज रक्त घेतलं, त्यातल्या गर्भाच्या हार्मोनचा आकडा बघायचा. अठ्ठेचाळीस तासांनी परत घ्यायचं. आकडा नीट वाढला तरच पुढं बोलायचं.

संध्याकाळी फोनवर आला: दोन हजार एकशे चाळीस.

मोना म्हणाली, "आता तोंड उघडलासा तर बगा." आईनं विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? मी म्हटलं, बी-बारा कमी आहे. जेवताना आईकडे बघितलंसुद्धा नाही.

२५ फेब्रुवारी

कुणाला सांगितलं नाही. कृष्णात दोनदा भेटला. दोनदा शिंक आल्यासारखं केलं आणि निसटलो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळी रक्त देऊन आलो. आजचा दिवस सरतच नव्हता. सणाला गिऱ्हाईक नाही, त्यामुळं हाताला काम नाही. मोना म्हणते मला काही वाटत नाही, आणि दर पाच मिनिटांनी माझा फोन चार्ज आहे का बघते.

आईनं शाबूची खिचडी केली. मोनाला वेगळं ताट: वरण-भात, भाजी. म्हणाली, "तू उपास धरायचा न्हाईस." मोना दचकली. मी म्हटलं, आई, बी-बारामुळं तसंही...

"मला नगो सांगू तुजं बी-बारा. सकाळच्या वकाऱ्या मला नव्या हैत व्हय? शुक्करवारपास्नं ऐकतोय मी." आणि मोनाच्या पाठीवरून हात फिरवला. "म्या कुनाला बी सांगितलं न्हाय या खेपंला. देवाला सुदिक न्हाय."

आई! जिचा आवाज हुपरीच्या स्टँडवर ऐकू जातो ती! शुक्रवारपासून!

साडेचारला आकडा आला. चार हजार तीनशे नव्वद. दुपटीच्या वर. बाई फोनवर म्हणाल्या, "छान. अगदी असंच पाहिजे." तरी पुढच्या बुधवारी सोनोग्राफी. गर्भ जागेवर आहे का, ठोका आहे का, ते बघितल्यावरच पक्कं. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही सांगाल तितक्या वेळा तपासू.

मोनानं आमच्या दोघांच्या खिचडीवर दाण्याचा कूट घातला. स्वतःच्या भातावरही घातला.

२ मार्च, रविवार

सकाळपासून मोनाला उलटी नाही. बरं वाटतंय म्हणते. बरं वाटतंय म्हणजे काय? चांगलं की वाईट? बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "असं होतं, घाबरू नका. आणि रविवारी फोन करू नका."

दुपारी चारला मोठी उलटी झाली. आम्ही दोघं न्हाणीघराच्या दारात उभे राहून हसत होतो. आई म्हणाली, खुळी झालीत ही.

४ मार्च

उद्या अकराला. मोना शांत आहे. मला भीती वाटतेय. खरं सांगायचं तर एवढी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही.

५ मार्च, बुधवार

अंधारी खोली. पडद्यावर करड्या रंगात एक काळी जागा, तिच्यात शेंगदाण्याएवढं काहीतरी, आणि त्याच्यात अगदी मधोमध काहीतरी लुकलुकतंय. भराभर. मी दारापाशी उभा, पुढं जायचं धाडस होईना.

बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "ठोका छान आहे. वडील कुठं आहेत? त्यांना म्हणावं या पुढं, बघा."

मी मागं वळून दाराकडं बघितलं, कुणाचे वडील आलेत म्हणून. तिथं कोणीच नव्हतं.